पायडी नावाची कालवड

केंटकीच्या नेल्सन काउंटीत जोसेफ हँक्स नावाच्या शेतकऱ्याने जानेवारी १७९३ मध्ये मृत्युपत्र केलं. त्यात पाच मुलगे आणि तीन मुलींची नावं आहेत. मुलग्यांना एकेक घोडा, मुलींना एकेक कालवड, आणि बायको जिवंत असेपर्यंत सगळं तिच्या ताब्यात. जनावरांची नावंही त्यात लिहिलेली आहेत. एलिझाबेथला ‘जंटल’ मिळाली, पॉलीला ‘लेडी’ आणि नॅन्सीला ‘पायडी’. आपल्याकडे तिला बांडी म्हटलं असतं.

शंभरेक वर्षांनी या पायडीला भलतंच महत्त्व आलं. कॅरोलाइन हँक्स हिचकॉक या बाईंनी १८९९ मध्ये पुस्तक लिहून सांगितलं, की मृत्युपत्रातली ही नॅन्सी म्हणजेच अब्राहम लिंकन यांची आई. पुराव्यादाखल त्यांनी या मृत्युपत्राकडे बोट दाखवलं.

त्यांना हे सिद्ध करायचं होतं त्यालाही कारण होतं. लिंकन यांनी १८५९ मध्ये स्वतःची जी त्रोटक माहिती लिहून दिली, तीत आई हँक्स घराण्यातली होती असं आहे. तिच्या आईवडिलांबद्दल अक्षर नाही. पण त्यांचे वकिलीतले भागीदार विल्यम हर्नडन यांनी १८८९ च्या चरित्रात एक आठवण छापली. १८५० च्या सुमारास दोघे घोडागाडीतून कोर्टाच्या कामाला निघाले होते. वाटेत लिंकन यांनी सांगितलं, की आपली आई लूसी हँक्स या अविवाहित बाईची मुलगी, आणि तिचा बाप व्हर्जिनियातला कुणी जमीनदार. राष्ट्राध्यक्षाच्या आजीबद्दलचं हे बोलणं अनेकांना सहन झालं नाही. हिचकॉकबाईंनी आईला अब्रूदार घर मिळवून दिलं, तेव्हा ते सगळ्यांना हवंच होतं.

हा वाद कागदांनी चटकन मिटायला हवा होता. पण त्या काळातल्या सरहद्दीवरच्या मुलखात कागदच कमी. कम्बरलँड खिंड ओलांडून लोक केंटकीत उतरले ते बैल, कुऱ्हाडी आणि बियाणं घेऊन. व्हर्जिनियात मागे राहिलेल्या चर्चच्या बारशाच्या वह्या त्यांच्यासोबत आल्या नाहीत. केंटकीत जन्मनोंदीचा कायदा झाला १८५२ मध्ये, लिंकन यांची आई नॅन्सी गेल्यावर चौतीस वर्षांनी. पहिल्या जनगणनेत, १७९० साली, फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. बाकीची माणसं म्हणजे नुसते आकडे. केंटकीचे १७९० आणि १८०० चे ते तक्तेही आज उरलेले नाहीत. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव जनगणनेत यायला १८५० उजाडलं.

मग शोधणाऱ्याने करायचं काय? पैसा, जमीन आणि कोर्ट यांच्या मागे जायचं. सरकार माणसाचा जन्म विसरेल, कर विसरत नाही. व्हर्जिनियाच्या हॅम्पशायर काउंटीतल्या १७८२ च्या यादीत जोसेफ हँक्सच्या घरात अकरा माणसं दिसतात. १७८४ मध्ये त्याने तिथली जमीन गहाण टाकली. याच मुलखात, याच सुमाराला नॅन्सी जन्मली असं बहुतेक अभ्यासक मानतात. पुढे हे कुटुंब केंटकीत सापडतं. एका शेतकऱ्याची अख्खी वाटचाल अशी सावकारी आणि सरकारी कागदांतून जुळवावी लागते.

आणि नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं होत नाही. हँक्स घराण्यात नॅन्सी पुष्कळ होत्या. म्हणून जाणते वंशाभ्यासक प्रत्येक नॅन्सी वेगळी मांडतात: कोणत्या साली, कोणत्या गावी, कुणाच्या शेजारी, कुणाशी लग्न. असं मांडल्यावर मृत्युपत्रातली नॅन्सी निराळीच निघाली. पायडी जिला मिळाली ती लिंकन यांच्या आईची मावशी. तिचा मुलगा डेनिस हँक्स हा लिंकन यांच्या लहानपणचा सोबती. हिचकॉकबाईंनी कागद खरा धरला होता, माणूस चुकीचा.

खरा धागा केंटकीतल्या मर्सर काउंटीच्या कोर्टात होता. विल्यम बार्टन या धर्मोपदेशक संशोधकांनी ते दप्तर पुढे आणलं. नोव्हेंबर १७८९ मध्ये तिथल्या ग्रँड ज्युरीने लूसी हँक्सवर लग्नाबाहेरच्या संबंधांचा आरोप ठेवला होता. पाच महिन्यांनी, २६ एप्रिल १७९० ला, लूसीने स्वतः एक चिठ्ठी लिहिली: मी सज्ञान आहे आणि हेन्री स्पॅरोने आमच्या लग्नाचा परवाना काढायला माझी राजीखुशीने संमती आहे. खाली सही. स्पेलिंग चुकलेलं, पण हात तिचा. त्या काळी सरहद्दीवर किती बायकांना नाव तरी लिहिता येत होतं? आरोपाच्या कागदावरून लूसीला ओळखणाऱ्यांनी ही चिठ्ठी आधी वाचायला हवी.

स्पॅरो आडनावाने आणखी एक गुंता केला. हेन्रीचा भाऊ थॉमस स्पॅरो याची बायको म्हणजे लूसीची बहीण एलिझाबेथ, ‘जंटल’ कालवडीची मालकीण. लिंकन यांची आई नॅन्सी काही काळ त्यांच्या घरी वाढली. त्यामुळे तिचं आडनाव हँक्स नव्हे, स्पॅरोच, असं डेनिस म्हातारपणीही ठासून सांगायचा. आठवण सांगणारा माणूस खोटं बोलतो असं नाही, पण तो घरची अब्रूही सांभाळत असतो.

नॅन्सीचं लग्न खरंच झालं होतं का, अशी कुजबुजही लिंकन यांच्या हयातीत झाली. जोडपं हार्डिन काउंटीत राहत होतं, म्हणून लोक तिथल्या दप्तरात शोधत राहिले आणि काही मिळेना. लग्नाचा रोखा मात्र वधू राहत होती त्या वॉशिंग्टन काउंटीत होता. तो १८७८ च्या सुमारास सापडला. १० जून १८०६ चा, पन्नास पौंडांचा. थॉमस लिंकनसोबत त्यावर रिचर्ड बेरीची सही आहे, आणि त्याने स्वतःपुढे चुकीच्या स्पेलिंगमध्ये ‘पालक’ असं लिहिलं आहे. दोन दिवसांनी जेसी हेड या मेथडिस्ट उपदेशकाने लग्न लावलं. वधूच्या बापाची सही कुठेही नाही.

शेवटी रक्तालाच विचारायचं ठरलं. आईकडून मुलांत उतरणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त मुलींच्या मार्फत पुढे जातो. नॅन्सीची एकुलती मुलगी सारा १८२८ मध्ये बाळंतपणात दगावली, मूलही गेलं; तो धागा तिथेच तुटला. म्हणून वंशाभ्यासकांच्या एका गटाने लूसीच्या दुसऱ्या मुलींच्या आणि तिच्या बहिणींच्या लेकीबाळींचे आजचे वंशज गाठले. २०१५ मध्ये निष्कर्ष आला: दोन्हीकडे एक्स-वन-सी हा दुर्मीळ डीएनए-गट. लूसी ही जोसेफ हँक्स आणि त्याची बायको ॲन यांचीच मुलगी. हिचकॉकबाईंनी नॅन्सीची आई म्हणून शिपली घराण्यातली बाई दाखवली होती. त्या घराण्याचा गट वेगळा निघाला. कोर्टाचे कागद आणि हर्नडनची आठवण यांच्याशी हे जुळतं, आणि त्यापुढे नॅन्सीला लूसीपासून दूर ठेवण्याचं कारण उरत नाही. हर्नडनवर शंका घेणाऱ्यांनी त्याच्यावर अन्याय केला. ज्या लूसीचं नाव मृत्युपत्रात नव्हतं, ती जोसेफची लेकच होती.

व्हर्जिनियाच्या त्या जमीनदाराचं नाव मात्र कोणत्याही कागदावर नाही, आणि आईच्या बाजूचा डीएनए ते सांगू शकत नाही.

१८१८ च्या शरद ऋतूत इंडियानातल्या लिटल पिजन क्रीकवर गाईंनी व्हाइट स्नेकरूट ही विषारी वनस्पती खाल्ली आणि दुधातून आजार पसरला. आधी थॉमस आणि एलिझाबेथ स्पॅरो गेले, मग ५ ऑक्टोबरला नॅन्सी. अब्राहम नऊ वर्षांचा होता. कबरीवर आज दिसणारा दगड बसवला तो १८७९ मध्ये, पीटर स्टुडबेकर या उद्योजकाने. ती राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची आई होती, असं त्यावर कोरलं आहे. वय पस्तीस दिलं आहे. १७८४ चा जन्म धरला तर ती चौतीस वर्षांची होती. तिच्या आईचं नाव त्या दगडावर नाही.