अमेरिकेतील ‘शॉर्ट सेल’ व वकिलाची भूमिका

2008 च्या आर्थिक अरिष्टाचे विवेचन आपल्या वाणिज्य व अर्थशास्त्राच्या वर्गांत बहुधा लेहमन ब्रदर्सपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. ज्याच्या घराची किंमत कर्जाच्या खाली गेली, त्या सामान्य कर्जदाराचे पुढे काय झाले, हा प्रश्न बाजूला राहतो. ‘शॉर्ट सेल’ हा त्या प्रश्नाशी निगडित व्यवहार होय. त्यातील वकिलाच्या कार्याचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समजा, घरावर 3 लाख डॉलर कर्ज शिल्लक आहे व बाजारात घराला 2 लाख 20 हजार डॉलरच येतात. अशा वेळी कर्जदार बँकेच्या संमतीने घर विकतो, आलेली रक्कम बँकेस मिळते आणि बँक घरावरील बोजा उतरविते. लिलाव टळतो. परंतु उरलेल्या 80 हजार डॉलरचे काय? बोजा उतरणे आणि कर्ज फिटणे या कायद्याने दोन भिन्न गोष्टी आहेत. संमतीपत्रात केवळ बोजा उतरविण्याचा उल्लेख असेल व तुटीवरील हक्क सोडल्याचे स्पष्ट शब्द नसतील, तर अनेक राज्यांत बँक, किंवा तिच्याकडून ते येणे विकत घेणारी कंपनी, कालांतराने कर्जदारावर दावा लावू शकते. घर गेलेले असते, देणे मात्र उरते. वकिलाच्या कामाचे सार या एका पत्राच्या वाचनात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

घरावर दुसरे गहाण असल्यास त्या धनकोचीही संमती लागते. त्याच्या वाट्यास फारच थोडी रक्कम येत असल्याने तो अडून बसतो. आर्थिक अडचणीचे निवेदन, आयकर विवरणे व बँकेचे उतारे बँकेस द्यावे लागतात. त्यांत जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा गुन्हा ठरतो. म्हणून हे कागद वकिलाच्या नजरेखालून जाणे इष्ट.

मालमत्ता दलाल हे काम करीत नाही काय? त्याला कायदेशीर सल्ला देता येत नाही. शिवाय त्याची दलाली विक्री झाली तरच मिळते. विक्रीपेक्षा कर्जाची फेररचना किंवा दिवाळखोरीचा अर्ज हिताचा आहे, हे तो सहसा सांगणार नाही. संकटकाळात आगाऊ शुल्क उकळणारे ‘सल्लागार’ही बोकाळले होते, फेडरल ट्रेड कमिशनने 2010 साली नियम करून असे आगाऊ शुल्क घेण्यास मनाई केली. वकिलांना त्यातून सूट मिळाली, पण ती सशर्त.

राज्यागणिक कायदा बदलतो, हे आपल्या वाचकांनी विशेष लक्षात घ्यावे. कॅलिफोर्नियाने 2011 साली, चारपर्यंत सदनिका असलेल्या निवासी मालमत्तेच्या अशा संमत विक्रीनंतर तुटीची वसुली सर्वसाधारणपणे बंद केली. भारतात 2002 च्या सरफेसी कायद्यान्वये तारण विकूनही येणे उरल्यास बँक कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते. तत्त्व तेच, केवळ दरवाजा निराळा.

शेवटचा मुद्दा कराचा. माफ झालेले कर्ज अमेरिकी कायद्यात सामान्यतः उत्पन्न मानले जाते. राहत्या घराच्या कर्जासाठी 2007 च्या कायद्याने मुदतबंद सवलत दिली व ती मुदत अनेकदा वाढविण्यात आली. देणी मालमत्तेपेक्षा अधिक असलेल्या कर्जदारास मात्र त्या फरकापुरती स्वतंत्र सूट मिळते. ती विवरणपत्रात मागावी लागते, आपोआप मिळत नाही.