पितळी सूक्ष्मदर्शक : मोडीत काढण्यापूर्वी

जुन्या शाळांच्या कपाटात क्वचित एखादा पितळी सूक्ष्मदर्शक आढळतो. जडवस्तू नोंदवहीत 'नादुरुस्त' असा शेरा पडला की निर्लेखनाच्या वेळी तो मोडीच्या भावाने जाण्याचा संभव असतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसरातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांनी असा निर्णय घेण्यापूर्वी या उपकरणाचे मोल जाणून घेणे अगत्याचे आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास आगगाडी आली. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणला पोहोचला. त्याच सुमारास, १८५५ मध्ये, लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने विद्यार्थ्यांना परवडणाऱ्या सूक्ष्मदर्शकासाठी पारितोषिक दिले. बर्मिंगहॅमच्या फील्ड कंपनीने तीन गिनी किमतीचे उपकरण तयार करून ते मिळविले. अशा रीतीने सधनांच्या दिवाणखान्यातील हे साधन विद्यार्थ्यांच्या मेजावर आले.

आपल्या भागातही सूक्ष्मदर्शकाने मोलाची कामगिरी बजावली. १८७६-७८ च्या दुष्काळात मुंबईत तापाची साथ पसरली. डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांना १८७७ मध्ये रुग्णांच्या रक्तात मळसूत्राच्या आकाराचे जंतू आढळले आणि हा उलटून येणारा ताप असल्याचे स्पष्ट झाले.

या उपकरणाची रचना साधी आहे. आरसा प्रकाश वर पाठवितो. वस्तुभिंग नळीत वस्तूची मोठी प्रतिमा तयार करते आणि नेत्रभिंग ती आणखी मोठी करून दाखविते. दोन्ही भिंगे प्रत्येकी दहापट असतील, तर वस्तू शंभरपट मोठी दिसते. वस्तुभिंगाच्या आट्यांचे प्रमाण लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने १८५८ मध्ये ठरविले. आजच्या अनेक भिंगांना तेच आटे असल्याने, मूळ भिंग हरवलेल्या उपकरणासही पुष्कळदा नवे भिंग बसू शकते.

पितळेवरील सोनेरी झळाळी लाखेच्या रोगणाची असते. चिंच, पॉलिश वा स्पिरिट लावल्यास ती कायमची जाते. मऊ, कोरडे कापड पुरेसे आहे. खाडीकाठच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी चढते. म्हणून पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. आरसा मात्र कधीही थेट सूर्याकडे वळवू नये. डोळ्यांना गंभीर इजा होते.

पितळी उपकरणे विसाव्या शतकातही बनत होती. यास्तव नळीवर वा पायावर कोरलेले निर्मात्याचे नाव व क्रमांक तपासून काळ ठरवावा. पुरावस्तूंसंबंधीच्या १९७२ च्या केंद्रीय अधिनियमानुसार विज्ञानाच्या गतकाळाची साक्ष देणारी, किमान शंभर वर्षांची वस्तू पुरावस्तू ठरते. खाजगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाही.

म्हणून निर्लेखनाच्या यादीत नाव घालण्यापूर्वी उपकरणाचे छायाचित्र व तपशील नोंदवावा आणि जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. भिंगे शाबूत असल्यास ते वर्गात मांडावे. ठाण्याच्या मासुंदा तलावातील पाण्याच्या थेंबात हालणारे जीव विद्यार्थ्यांना त्यातून आजही पाहता येतील.