मार्सेय, मार्सेल्झ, मार्सेलिस

इंग्रजांच्या जुन्या नकाशांत, टपालाच्या वेळापत्रकांत, आगबोटींच्या जाहिरातींत फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरचे सर्वांत मोठे बंदर एका जादा अक्षरासह भेटते. फ्रेंच माणूस या शहराला 'मार्सेय' म्हणतो आणि लिहिताना शेवटी 'एस' लावत नाही. इंग्रजीत तो लागला, आणि उच्चार ठरला 'मार्सेल्झ'. लियों शहराचेही तसेच झाले, त्याला जुने इंग्रज 'लायन्झ' म्हणत. समुद्रापलीकडचे 'आल्जे' त्यांच्या तोंडी 'अल्जिअर्स' झाले.

इंग्रजांना परभाषा येत नाही याचा पुरावा म्हणून हे उच्चार दाखवले जातात. मला हा आरोप अन्यायाचा वाटतो. ज्या गावाशी पिढ्यान्‌पिढ्या व्यवहार असतो, त्याच्या नावाला आपल्या भाषेचे वळण पडतेच. या गावाची तर नावे बदलण्याची सवय फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ६००च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोकाइयाचे ग्रीक इथे येऊन वसले. त्यांनी त्याला मस्सालिया म्हटले, रोमनांनी मस्सिलिया केले, आणि प्रोव्हान्सच्या बोलीत ते मार्सीयो झाले.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो इंग्रजी उच्चारातला 'ल'. आजच्या फ्रेंचमध्ये तो ऐकू येत नाही, म्हणून इंग्रजांनी तो स्पेलिंग पाहून घुसवला असे वाटते. पण नावातले ते दोन 'एल' फ्रेंच लोक एके काळी खरोखर उच्चारत होते. जीभ टाळूला टेकवून 'ल' आणि 'य' एकाच झटक्यात काढावेत, तसा तो ध्वनी होता. पॅरिसच्या सामान्य लोकांच्या बोलण्यातून 'ल' हळूहळू गळाला आणि नुसता 'य' उरला. १८६३पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या मोठ्या शब्दकोशात एमिल लित्रेने हा बदल मान्य केला नाही, जुना ध्वनीच शुद्ध म्हणून सांगितला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फ्रान्समध्येच 'ल'चा कैवार घेणारे विद्वान होते. इंग्रजीने त्या ध्वनीचा आपल्याला झेपेल तेवढा भाग उचलला आणि फ्रेंचांनी टाकल्यावरही सांभाळला. 'पॅरिस'मधल्या 'स'चीही हीच गोष्ट. तो इंग्रजीत आला तेव्हा फ्रेंचांच्या तोंडीही होता. खुद्द फ्रान्समध्येही एकच उच्चार नाही. उत्तरेकडचा माणूस 'मार्सेय'वर थांबतो, तर अस्सल स्थानिक शेवटचा स्वर सोडत नाही आणि नाव तीन अवयवांचे करतो.

इंग्रजांचा इथला राबता मोठा होता. हिंदुस्थानात यायची घाई असलेला साहेब बिस्केच्या उपसागराचा वळसा टाळून फ्रान्समधून जमिनीने इथवर येई आणि इथून बोट धरी. डिकन्सची 'लिटल डॉरिट' याच शहराच्या उन्हात सुरू होते. प्रोव्हान्सच्या बायकांनी हाताने शिवलेल्या उठावदार नक्षीच्या रजया इथून इंग्लंडला जात. तिथल्या मागावर त्यांची नक्कल विणली जाऊ लागली आणि त्या कापडाला 'मार्सेला' हे नाव पडले. औपचारिक काळ्या पोशाखाखालच्या पांढऱ्या शर्टाची कडक छाती आजही त्याच कापडाची असते.

अमेरिकेत हे नाव आणखी घट्ट रुतले. इलिनॉय राज्यात नदीकाठी याच नावाचे, 'एस'सकटचे, गाव आहे आणि तिथले लोक बिनदिक्कत 'मार्सेल्झ' म्हणतात. केंटकीत 'व्हर्साय'चे 'व्हर्सेल्झ' झाले आहे. बाहेरचे लोक हसतात, पण इलिनॉयच्या त्या गावकऱ्यांचा उच्चार लंडनच्या जुन्या रीतीचाच आहे.

लंडनने मात्र रीत बदलली. विसाव्या शतकात स्थानिक रूपाचा मान राखायची वृत्ती वाढली आणि बहुतेक वृत्तपत्रांतून तो 'एस' गेला. फुटबॉलनेही हातभार लावला असावा. १९९३मध्ये युरोपचा चषक जिंकणाऱ्या क्लबचे नाव इंग्रजी समालोचक 'मार्से' असेच घेतात. फ्रान्सचे राष्ट्रगीत मात्र कित्येक इंग्रजांच्या तोंडी अजून 'मार्सलेझ', 'ल'सकट.

मराठीत हे शहर आले ते ८ जुलै १९१० या तारखेमुळे. 'मोरिया' बोटीवरून सावरकर निसटले, किनाऱ्यावर पोचले, आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या हाती दिले. फ्रान्स आणि ब्रिटनमधला हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी पाच पंचांनी निवाडा दिला. सोपवण्यात अनियमितता झाली हे त्यांनी मान्य केले, तरी ब्रिटनवर सावरकरांना परत करण्याचे बंधन नाही असे ठरवले. मराठी लेखनात ही घटना 'मार्सेलिसची उडी' म्हणून रुजली. हा उच्चार फ्रेंचांचाही नाही आणि इंग्रजांचाही नाही. लॉस एंजेलिससारखी शेवटची अक्षरे वाचून तो घडला आहे. इंग्रजांच्या बोलण्यातून न येता इंग्रजी छापील मजकुरातून हे नाव आपल्याकडे पोचले, हे त्यावरून कळते.

१९१४च्या सप्टेंबरअखेरीस पहिल्या महायुद्धासाठी हिंदी फौजा याच बंदरावर उतरल्या. शहराच्या माझार्ग भागातल्या युद्धस्मशानात त्यांच्यातल्या मृतांचे स्मारक १९२५मध्ये उभे राहिले. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या नोंदीत त्या जागेच्या नावापुढे शहराचे नाव अजून 'एस' लावूनच लिहितात.

हल्ली मराठीत 'मार्सेल' असेही छापले जाते. खेळाच्या किंवा पर्यटनाच्या मजकुरात त्याला माझी हरकत नाही. पण १९१०विषयीचे शंभर वर्षांचे मराठी लेखन 'मार्सेलिस' या नावाखाली आहे. ते शोधणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून हा धागा सुटता कामा नये. कोशकारांनी आणि संपादकांनी मूळ नोंद 'मार्सेलिस'चीच ठेवावी आणि तिच्यापुढे आजचा फ्रेंच उच्चार द्यावा.