दीर्घिकांचं त्रिकूट आणि मंगळवेढ्याचा अंधार

"दीर्घिकेचा फोटो काढायला केवढी मोठी दुर्बीण लागते हो?" हा प्रश्न मला सारखा येतो. माझं उत्तर ठरलेलं: दुर्बिणीआधी अंधार लागतो. आणि तो मंगळवेढ्याच्या काळ्या रानात अजून मिळतो. उदाहरणाला सिंह राशीतलं त्रिकूट घेऊया: एम 65, एम 66 आणि एनजीसी 3628.

शोधायचं कुठं? ज्वारी पेरणाऱ्याला पूर्वा-उत्तरा सांगायला नकोत. पूर्वा नक्षत्राच्या दोन ताऱ्यांपैकी दक्षिणेकडचा धरा. तिथून आणखी दक्षिणेला, पाच पूर्णचंद्र शेजारी-शेजारी मावतील एवढं सरका. तिघी एका अंशात बसतात. मार्चच्या मध्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास त्या आपल्या जवळपास डोक्यावर येतात. पंढरपूर-सोलापूरच्या दिव्यांचा उजेड क्षितिजालगतच राहतो, हा मोठा फायदा.

आता तंत्र. माझी दुर्बीण 80 मिलिमीटरची, मागे साधा डीएसएलआर. पृथ्वी तासाला 15 अंश फिरते, म्हणून तारे धरून चालणारा मोटरचा स्टँड हवाच. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे लावायचा. आपल्याकडे ध्रुव जेमतेम साडेसतरा अंशांवर असतो, त्यामुळं उत्तरेला झाड आलं की पंचाईत!

एकच लांबलचक फोटो मी घेत नाही. एकेका मिनिटाचे 100 घेतो आणि संगणकावर एकावर एक रचतो. दीर्घिकेचा प्रकाश प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, दाणे मात्र जागा बदलतात. 100 फोटोंची सरासरी काढली की दाणे 10 पटींनी कमी होतात.

मग उजेडाचं एवढं काय? आकाशाचा उजेड वजा करता येतो, पण त्यानं आणलेले दाणे मागे उरतात. त्यात फिकट गोष्टी बुडतात. एम 65 आणि 66 मेसिएच्या यादीत 1780 मध्ये आल्या, शेजारची 3628 राहिली, कारण तिचा प्रकाश पसरट. ती 1784 मध्ये विल्यम हर्शेलनं टिपली. तिला तीनेक लाख प्रकाशवर्षं लांब शेपूट आहे, शेजारणीशी झालेल्या ओढाताणीची खूण. या गटाची खरी गोष्ट तीच, आणि उजेडात पहिली तीच जाते.

हा प्रकाश साधारण साडेतीन कोटी वर्षांपूर्वी निघाला. आपल्या पायाखालचा दख्खनचा खडक त्याहून जुना, साडेसहा कोटींच्या आसपासचा! एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्यासाठी वस्तीवरच्या दिव्याला वरून टोपी घाला. उजेड खाली पडेल, कामही होईल.

येत्या मार्चची अमावास्या गाठा. भेटू पुढच्या भागात!