आभाळातून खाऊ

साखर उसाची तशी बीटाचीही. अमेरिकेत बीटाच्या शेतात राबलेला एक शेतकऱ्याचा पोरगा, गेल हॅल्व्हर्सन, पुढे लष्करी वैमानिक झाला. १९४८ साली रशियाने बर्लिनच्या वाटा अडवल्या, तेव्हा ते विमानाने पीठ पोचवत. कुंपणापाशी पोरं उभी असत, पण एकानंही हात पसरला नाही. खिशात च्युइंगमच्या दोनच कांड्या. त्या मोडून दिल्या. उरलेली पोरं नुसता कागद हुंगत राहिली! मग रुमालाच्या छत्र्या करून ते वरून खाऊ सोडू लागले.

मॉर्मन पंथावर श्रद्धा, पत्नी आल्टा, पाच लेकरं. निवृत्तीनंतर नवराबायको धर्मकार्यासाठी परदेशी राहिली. २०२२ साली, १०१ वर्षांचे होऊन ते वारले.

काट्यावर आपण उसाचं वजन बघतो. ती गोडी कुणा लेकराच्या तोंडी जाते, हेही आठवावं, असं आम्हांस वाटतं.