जुनी बंदूक विकायची की घ्यायची? आधी परवाना बघा, मग नळी, नाव सगळ्यात शेवटी

मुरबाड, शहापूर, भिवंडीकडच्या काही घरांत अजूनही बंदूक आहे. आजोबांनी पिकाच्या राखणीसाठी घेतलेली एकनळी, पाटलांच्या वाड्यातली विलायती दुनळी, क्वचित कुठे शिकारीची रायफल. परवाना ज्यांच्या नावावर, ते म्हातारे झालेले किंवा वारलेले. मुलं कल्याण-डोंबिवलीत नोकरीधंद्याला. मग घरात विषय निघतो, हिचं करायचं काय आणि विकली तर किती येतील?

गावात याची दोन उत्तरं मिळतात. एक म्हणतो, "विलायती आहे, लाखाच्या खाली देऊ नका." दुसरा म्हणतो, "भंगार आहे, देऊन टाका मला." दोघांवरही विश्वास ठेवू नका. जुन्या बंदुकीची किंमत तीन गोष्टींवर ठरते, कागद, नळीची अवस्था आणि काडतूस. कारखान्याचं नाव त्यानंतर येतं. हा क्रम उलटा केला की घेणारा फसतो, विकणाराही फसतो आणि कधी कधी पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते.

कागद नसेल तर किंमत शून्य

शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. बिनपरवाना बंदूक विकता येत नाही, विकत घेता येत नाही आणि घरात ठेवताही येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनपरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षं तुरुंगवास, शिवाय दंड अशी झाली. "वडिलांचीच आहे, आम्ही कधी हातही लावला नाही" हे सांगून सुटका होत नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही.

परवानाधारक वारला तर बंदूक विनाकारण उशीर न करता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची आणि पावती घ्यायची. जमा केली म्हणजे हातातून गेली असं नव्हे. ठरावीक मुदतीत वारसाला स्वतःच्या नावावर परवाना काढून ती परत घेता येते, किंवा विकून पैसे घेता येतात. मुदत उलटू दिली, तर बंदूक सरकारजमा होऊ शकते. तेव्हा ती कितीही भारी असली तरी तुमच्या हातात काही पडत नाही. म्हणून जमा केल्याच्या दिवशीच मुदत विचारून लिहून ठेवा.

वारसाच्या नावावर परवाना घ्यायला वडील वारायचीच वाट बघावी लागते असंही नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं, किंवा बंदूक बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा वारसाला अर्ज करता येतो. वडील हयात असताना, सगळ्या भावाबहिणींची ना हरकत सहज मिळत असताना हे काम उरकलं तर नंतरची धावपळ वाचते.

अर्ज कुठे करायचा, इथे बरेच जण चुकतात. ठाणे, भिवंडी शहर, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा भाग ठाणे पोलीस आयुक्तालयात येतो, तिथे परवाना पोलीस आयुक्त देतात. मुरबाड, शहापूर आणि ग्रामीण पोलिसांच्या हद्दीतल्या गावांसाठी जिल्हाधिकारी. बंदूक शहापूरच्या घरात आणि वारस डोंबिवलीत, असं असेल तर दोन्हीकडे चौकशी करावी लागते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. त्यामुळे वाडा, जव्हार, मोखाड्याच्या जुन्या परवान्यावर ठाण्याचा शिक्का दिसला, तरी पुढचं काम आता पालघरला असतं.

बंदूक बघायला गेलात की सर्वात आधी एकच करा. बंदुकीवर कोरलेला नंबर परवान्यावरच्या नंबराशी ताडून बघा. आकडा जुळत नसेल, खोडलेला असेल किंवा घासून काढलेला असेल तर तिथूनच परत फिरा. पुढचं काही बघायची गरज नाही.

बंदूक आणि रायफल एक नाही

आपल्याकडे सगळ्याला बंदूकच म्हणतात, पण भाव ठरवताना फरक कळायला हवा. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते, तिच्यात छऱ्यांचं काडतूस चालतं. १२ बोअरची एकनळी-दुनळी ती हीच. रायफलीच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, त्यामुळे एकच गोळी फिरत, सरळ आणि लांब जाते. ठासणीची बंदूक तोंडाकडून दारू भरून उडवायची.

पीक राखणीसाठी कायद्याने पहिला विचार ठासणीच्या बंदुकीचा केला आहे. ती पुरेशी पडत नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर किमान २० इंच नळीची गुळगुळीत बंदूक मिळू शकते. रायफलीचा परवाना मिळणं याहून अवघड, म्हणजे रायफलीला गिऱ्हाईक कमी.

रायफलीतही बोअर बघा. ३१५ बोअर सर्वसाधारण परवान्यावर चालतो. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ३१५ स्पोर्टिंग रायफल आपल्याकडे सगळ्यात ओळखीची. ३०३ मात्र प्रतिबंधित बोअर आहे, त्याचा परवाना केंद्र सरकारकडून लागतो. आकड्यात फरक १२ चा, पण ३०३ ची रायफल कितीही सुंदर असली तरी ती विकत घेऊ शकणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जिला गिऱ्हाईकच नाही, तिला भाव कुठून येणार?

नळी काय सांगते

बंदूक हातात घेतली की आधी उघडून ती रिकामी आहे याची खात्री करा. विकणारा "रिकामीच आहे" म्हणाला तरी स्वतः बघा. तोंड माणसांकडे नको. मग उजेडाकडे धरून नळीतून बघा.

आत काळे ठिपके, खड्डे दिसले तर तो गंज मांस खाऊन गेलाय. वरवरचा गंज पुसला जातो, खड्डा भरून येत नाही. काडतूस बसतं त्या जागेजवळचे खड्डे जास्त वाईट, कारण स्फोटाचा सगळा दाब तिथे असतो. आत गोल कड्यासारखी सावली दिसली तर नळी फुगलेली असू शकते. बाहेरून बोट फिरवून पोचे तपासा. नळी आतून खरवडून चकचकीत केली असेल तर ती पातळ झालेली असते. हे डोळ्यांना कळत नाही, कारागिराकडून जाडी मोजून घ्यावी लागते. म्हणून जुन्या बंदुकीची आतली चकाकी बघून भुलू नका.

दुनळीच्या नळ्या सुट्या करून, हुकाला अलगद टांगून, नखाने टिचकी मारा. घंटेसारखा आवाज आला तर सांधे घट्ट आहेत. भद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली असण्याची शक्यता.

आता बंदूक बंद करून नळी आणि दस्ता हलवून बघा. खुळखुळ वाजली तर बिजागरीची झीज झाली. नवीन दुनळीत वरची कळ बंद झाल्यावर मध्यापासून थोडी उजवीकडे राहते, वापराने ती मध्यावर येते. मध्य ओलांडून डावीकडे गेली असेल तर बंदुकीने पुष्कळ बार काढलेत असं समजा. दस्त्याला जिथे लोखंड मिळतं तिथे बारीक तडा आहे का बघा. लाकूड तेल पिऊन काळं आणि मऊ झालं असेल तर तेही कमजोर.

रायफलीत खाचांच्या कडा धारदार हव्यात, विशेषतः तोंडाशी. सळईने वेडंवाकडं साफ करून तोंड झिजलेलं असेल तर नेम जातो. बोल्टवरचा नंबर आणि रायफलीचा नंबर एकच हवा. बोल्ट दुसऱ्या रायफलीचा निघाला तर कारागिराने तपासल्याशिवाय बार काढू नका.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला सांगतात. पावसाळ्यात दोन महिने बिनतेलाची पडून राहिलेली बंदूक गंजून परत येते. जमा करण्याआधी नळी साफ करून आतबाहेर तेल लावा. बंदुकीचं मोल राखायचा याहून स्वस्त उपाय नाही.

काडतूस मिळतं का?

पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात १२ बोअरची काडतुसं बनतात. ही बंदूक चालवणं त्यातल्या त्यात सोपं. संस्थानी काळातल्या मोठ्या शिकारीच्या विलायती रायफलींची काडतुसं मात्र मिळायला दुर्मीळ आणि महाग. अशी रायफल हौशी संग्राहकाला मोलाची, पण वापरणाऱ्याच्या काही कामाची नाही. तुमचं गिऱ्हाईक कोण, त्यावर तिचा भाव.

१२ बोअर म्हणजे सगळं एकच असंही नाही. जुन्या इंग्रजी दुनळ्यांत काडतुसाची जागा बहुधा अडीच इंचांची असते. पुष्कळ नवी काडतुसं पावणेतीन इंचांची. लांब काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. नळीवरचा आकडा आणि खोक्यावरचा आकडा जुळवूनच भरा.

काही जुन्या नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली ही दमास्कस नळी. दिसायला देखणी, पण ती काळ्या दारूसाठी केलेली. आजच्या बिनधुराच्या दारूचा दाब तिला सोसेलच असं नाही. इंग्रजी बंदुकीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीघराचे शिक्के असतात, कोणत्या दारूवर चाचणी झाली ते त्यावरून कळतं. शिक्का वाचता येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्या.

मग नावाला काही किंमत नाही का?

आहे की. १९८० च्या दशकापासून परदेशी बंदुका आणण्यावर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे देशात आहेत तेवढ्याच विलायती बंदुका हातोहात फिरतात. वेब्ली अँड स्कॉट, ग्रीनर, वेस्टली रिचर्ड्स या नावांना म्हणून मान आहे. मुंगेरच्या किंवा सरकारी कारखान्याच्या बंदुकीला तो मान नाही, पण सामान्य शेतकऱ्याच्या कामाला ती पुरते. फक्त लक्षात ठेवा, फुगलेल्या नळीची ग्रीनर ही आधी फुगलेल्या नळीची बंदूक, मग ग्रीनर.

उलट बाजूनेही बघा. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. तिसरी सोडावी लागली, आणि आधीच दोन असलेला हौशी माणूस आणखी घेऊ शकत नाही. विकणारे वाढले, घेणाऱ्यांची जागा घटली.

शहापूर, मुरबाडच्या वाचकांसाठी अजून एक अडचण. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय नवा शस्त्र परवाना देता येत नाही, असं वन्यजीव कायदा सांगतो. तानसा अभयारण्याच्या आसपासच्या गावात गिऱ्हाईक शोधत बसलात तर म्हणूनच ते लवकर मिळणार नाही.

भाव कसा काढायचा

परवानाधारक विक्रेत्याकडे त्याच प्रकारच्या नव्या बंदुकीची आजची किंमत विचारा. तोच तुमचा वरचा आकडा. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा, मग जुनेपणाची सूट. समजा नवी एकनळी ४० हजारांची आहे. दस्ता आणि स्प्रिंग बदलायला कारागीर ६ हजार मागतो. मग बोलणी ३४ हजारांच्या खालीच सुरू व्हायला हवीत. नळीत खड्डे असतील तर दुरुस्ती नाहीच, ती बंदूक सुट्या भागांच्या मोलाची. विलायती असेल तर दोन वेगळ्या विक्रेत्यांचं मत घ्या. ज्याला ती विकत घ्यायची आहे, त्याच्या एकट्याच्या मतावर जाऊ नका.

व्यवहार थेट परवानाधारकाने परवानाधारकाला करता येतो. पण विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं, असा नियम आहे. "आज पैसे घ्या, बंदूक द्या, कागद मागाहून करू" म्हणणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा. ती बंदूक पुढे कुठे वापरली गेली तर पहिला शोध तुमचा लागेल.

शिकारीसाठी घेत असाल तर

तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. शिकारीची रायफल हे आता फक्त नाव उरलंय, शिकार उरलेली नाही. रानडुकरं भातशेती, वरी-नाचणी लोळवतात हे खरं आहे, त्रास खोटा नाही. पण त्यासाठीही वनखात्याची लेखी परवानगी आधी लागते. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे, ते दोन वेगळे कागद आहेत. २०२५ च्या सुरुवातीला पालघरमध्ये मनोरच्या बाजूला डुकराच्या शिकारीला गेलेल्या गावकऱ्यांतल्याच एकाला साथीदाराने डुक्कर समजून गोळी घातली, त्यात तो जिवानिशी गेला.

घरात जुनी बंदूक असेल तर या आठवड्यात परवाना काढून त्यावरची मुदत बघा. ती संपली असेल, किंवा ज्यांच्या नावावर आहे ते हयात नसतील, तर भावाची चौकशी नंतर करा. आधी पोलीस ठाण्यात जा आणि जमा केल्याची पावती घ्या.