बोटावरचा आकडा

2021च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, नागपुरातल्या घराघरांत एकच चौकशी होती: लेव्हल किती आहे? त्याआधी सप्टेंबर 2020मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेतली पथकं रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी (सॅच्युरेशन) बोटावरून मोजणारा चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, घेऊन दारोदार गेली होती. त्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण मला गंमत वाटते ती यंत्राच्या हट्टाची.

चिमट्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात: लाल, साधारण 660 नॅनोमीटरचा, आणि न दिसणारा अवरक्त, 940च्या आसपासचा. समोर प्रकाश टिपणारा डोळा. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश कमी शोषतं, अवरक्त जास्त. पण कातडी, हाड, शिरांतलं रक्त हेही प्रकाश गिळतातच. मग धमनीतलं वेगळं कसं काढायचं? जपानच्या निहोन कोहडेन कंपनीतले ताकुओ आओयागी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून हृदय किती रक्त ढकलतं ते मोजू पाहत होते. नाडीच्या ठोक्यांनी त्यांचा आलेख सतत थरथरत होता. ती थरथर घालवायच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं की ठोक्याबरोबर बदलतं ते धमनीतलंच रक्त. बाकी सारं स्थिर. ज्याचा त्रास होता तेच मोजायचं ठरलं. आओयागी एप्रिल 2020मध्ये वारले, जग त्यांचं यंत्र शोधत फिरत होतं तेव्हा.

म्हणून ठोका क्षीण असला की चिमटा रुसतो. डिसेंबरातली गार बोटं, गडद नेलपॉलिश, हलणारा हात, रक्तदाब घसरलेला रुग्ण. हे निदान दिसतं तरी. खरी भीती शांतपणे खोटं सांगणाऱ्या आकड्याची. बंद खोलीतल्या शेगडीच्या धुराने कार्बन मोनॉक्साइड रक्तात शिरला, तर चिमटा त्यालाही ऑक्सिजनच समजतो आणि 98 दाखवतो. गुंगीतल्या माणसाला बाहेरून ऑक्सिजन चालू असला, तर श्वास मंदावून कार्बन डायऑक्साइड साचतो आहे हे चिमट्याला कळतच नाही.

टक्केवारीचं गणित निरोगी स्वयंसेवकांना विरळ ऑक्सिजन देऊन, त्यांचं रक्त तपासून बसवलेलं असतं. 70च्या खाली माणसाला न्यायचं धाडस कोणी करत नाही, त्यामुळे तिथून पुढचा आकडा अंदाजाचाच. डिसेंबर 2020मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतली तुलना आली: चिमटा 92 ते 96 दाखवत असताना रक्तातलं प्रत्यक्ष प्रमाण 88च्या खाली निघालं, गोऱ्यांत 3.6 टक्के वेळा, कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के वेळा. सावळ्या बोटावरच्या 93वर मी तरी डोळे झाकून विसंबणार नाही.

आणि विदर्भात सिकलसेल. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये छापली, तेव्हापासून इथल्या वॉर्डांना तो घरचाच आहे. या रुग्णाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडतं, त्यामुळे फुप्फुसं ठीक असूनही आकडा कमी येऊ शकतो. उलट, पेशी फुटत राहिल्याने शरीरातच थोडा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, तो आकडा किंचित फुगवतो. त्यात पांडुरोग: चिमटा गाडीतल्या किती खुर्च्या भरल्या ते सांगतो, डबे किती जोडलेत ते नाही. हिमोग्लोबिन 5वर आलेल्या पोरीच्या बोटावरही 97 येतात, आणि धाप मात्र लागलेली असते.

सिकलसेलच्या अशा रुग्णाला छातीत दुखून ताप आला, तर 94 बरे की वाईट? तो रुग्ण बरा असताना 98 असायचे की 93, यावर ते ठरतं. नेहमीच्या आकड्यापेक्षा तीनेक टक्के घसरण झाली तर छातीचा एक्स-रे, धमनीतल्या रक्ताची तपासणी, आणि ती को-ऑक्सिमीटरवर, कारण साधं ब्लड गॅस यंत्र सॅच्युरेशन हिशेबाने काढतं. तो हिशेब सिकलसेलच्या रक्ताला लागू पडत नाही. म्हणून ओपीडीत तब्येत ठणठणीत असलेल्या दिवशीही चिमटा लावून आकडा कार्डावर तारखेसह लिहून ठेवावा लागतो. कार्ड घरी राहिलं, तर रात्रपाळीच्या डॉक्टरपुढे नुसते 94 उरतात.